उपायाचे वजन

संकट आले की उपायांचा तुटवडा कधीच पडत नाही. गल्लीत दोघांना ताप आला की तिसऱ्या घरापासून सल्ले सुरू होतात, आणि नगर निगमापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येकापाशी एकेक योजना तयार असते. खरी अडचण येते ती निवडीत. हा उपाय करावा की तो, आज करावा की चार दिवस थांबावे, सक्तीने करावा की समजावून, या प्रश्नांची उत्तरे घाईत आणि भीतीत द्यावी लागतात. ‘रोगापेक्षा औषध जालीम’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच केली असली पाहिजे.

उपाय निवडताना तो रोगावर किती चालतो एवढेच बहुधा पाहिले जाते. आमच्या मते तराजूच्या पारड्यात आणखी दोन वजने टाकावयास हवीत. उपायाचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार, हे एक. आणि ज्याच्या खांद्यावर तो पडणार त्याला आधी विश्वासात घेतले होते काय, हे दुसरे. या दोन गोष्टींना पुष्कळ जाणते लोक सौजन्याचा भाग समजतात. आम्हांस मात्र त्या उपचाराचाच भाग वाटतात. असे का वाटते ते सांगण्यासाठी या वेळी तीन ठिकाणांकडे पाहू : प्लेगच्या काळातील पुणे, त्यानंतरचे आपले इंदूर, आणि आपल्या उंबरठ्यावरचे पीथमपूर.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात लक्षावधी बळी घेतले. रोगाचा जंतू येर्सिन यांना १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत तो येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ साली पुण्यात जे निर्णय घेतले गेले ते अर्धवट अंधारात घेतलेले होते. हे लक्षात ठेवूनच त्यांचा न्याय केला पाहिजे.

त्या वेळी हाताशी असलेले उपाय मोजकेच होते. पहिला, घरोघर झडती घेऊन रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेणे. दुसरा, घरे धुऊन काढणे, भिंतींना चुना देणे, गटारांत कार्बोलिक ओतणे. तिसरा, गाव सोडून माळावर राहावयास जाणे. चौथा, हाफकिन यांची नवी लस.

यांपैकी गाव सोडण्याचा उपाय कोणत्याही डॉक्टराने शिकवलेला नव्हता. दख्खनच्या खेड्यांत ‘उंदीर पडू लागले’ की लोक शेतात झोपड्या घालून राहात, आणि साथ ओसरल्यावर परत येत. पिसवेचे शास्त्र त्यांना माहीत नव्हते. पण रोगी उंदीर व त्यांच्या पिसवा घरातच मागे राहात असल्यामुळे हा उपाय खरोखर गुणकारी होता. त्याची किंमतही कमी नव्हती. बंद घरावर चोरांचा डोळा, पावसात भिजणारी झोपडी, बुडालेली मजुरी. ज्याचे शेत होते त्याला माळावर जागा मिळे. ज्याचे पोट गावातील रोजच्या कामावर होते त्याची कुचंबणा होई.

लसीची गोष्ट निराळी. हाफकिन यांनी ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. ती पूर्ण संरक्षण देत नसे, आणि देई ते काही महिन्यांपुरते. दंड सुजे, ताप येई. तरी टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी राही. १८९८ साली हुबळीत हजारो लोकांना ही लस टोचण्यात आली. मात्र १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला. लसीवरचे आणि त्यांच्यावरचे ते किटाळ दूर व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. विश्वास ही वस्तू एका बाटलीने जाते आणि पाच वर्षांनी परत येते, हा त्यातला धडा आहे.

आता पुण्याकडे वळू. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्याच्या प्लेग समितीचा कारभार वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे आला. रँडने झडतीसाठी गोरे सोल्जर नेमले. ते माजघरात शिरले, देवघरात शिरले. स्त्रियांची तपासणी चारचौघांत झाली. सामानसुमान रस्त्यावर आणून जाळले गेले. विशेष हे की रोग्याला वेगळे ठेवावे या तत्त्वाला पुण्याच्या पुढाऱ्यांचा विरोध नव्हता. लोकमान्य टिळकांनी स्वतः हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला होता, आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीकाही केली होती. भांडण होते ते रीतीशी.

रीतीचा परिणाम रोगावरच झाला. सोल्जर येणार या भीतीने लोक आजारी माणूस माळ्यावर लपवू लागले. मृत्यू लपवले गेले. ज्यांना जमले ते रातोरात दुसऱ्या गावी गेले, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गेला. ज्या झडतीने रोगी सापडावयाचा तिनेच तो दडवला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड पुढे ३ जुलैला मेला, आणि चाफेकर फासावर गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही रोगी नेण्यावरून दंगल उसळली. यानंतर सरकारनेच सक्ती हळूहळू सैल केली. म्हणजे जी गोष्ट आरंभी समजुतीने करता आली असती ती एवढे रक्त सांडल्यावर करावी लागली.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग्याला घरातून उचलून वेगळे ठेवण्याचा उपाय रँडचाही होता आणि सावित्रीबाईंचाही. एकाच्या चाहुलीने दार बंद होई आणि दुसऱ्याच्या चाहुलीने ते उघडे.

यानंतर सुमारे वीस वर्षांनी आपल्या इंदुरात निराळाच प्रयोग झाला. गादीवर तुकोजीराव होळकर तिसरे होते. शहरात प्लेग आणि हिवताप यांनी ठाण मांडले होते. अशा वेळी स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस नगररचनेच्या कामासाठी इंदुरात आले. ते मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. १९१४ साली हिंदुस्थानात आल्यापासून अनेक शहरांची पाहणी त्यांनी पायी फिरून केली होती. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. उपचाराआधी निदान झाले पाहिजे, हा वैद्याचा नियम ते शहरालाही लावीत. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा जेथे नड आहे तेवढेच काढावे आणि बाकीचे दुरुस्त करावे, असा त्यांचा आग्रह असे.

प्लेगवर त्यांनी काढलेली तोड आजही ऐकण्यासारखी आहे. दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती द्यावी, असे त्यांनी मागून घेतले. मग जाहीर झाले की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यांनी जाणार नाही. ज्या भागातील घरे सर्वांत अधिक स्वच्छ आणि डागडुजी केलेली दिसतील त्या भागातून ती जाईल. घरातील केरकचरा काढून ठेवावा, दरबारच्या गाड्या तो फुकट उचलतील. झाले! पेठापेठांत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे साठलेली अडगळ दाराबाहेर आली, हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला, सापळ्यांत उंदीर सापडू लागले, भिंतींना रंग चढला. मिरवणुकीत अस्वच्छतेच्या राक्षसाची आणि उंदराची प्रचंड चित्रे होती, नगराची नवी लक्ष्मी होती. आणि शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, झाडूंना फुलांच्या माळा घालून मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले. तुळशीची रोपे वाटण्यात आली.

मिरवणुकीने प्लेग गेला, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. प्लेगची साथ ऋतुमानाप्रमाणे चढते आणि उतरते. ढोलताशाने पिसू मरत नाही. गेडीस यांच्या पाठीशी संस्थानाची सत्ता आणि खजिना होता, हेही खरे. पण मिरवणुकीच्या निमित्ताने घडले ते काम अस्सल होते. उंदराचे बीळ जेथे असते ती अडगळ निघाली, आणि ती घरच्या माणसांनी आपल्या हातांनी काढली. पुण्यात सोल्जराने घरातले सामान रस्त्यावर फेकले तेव्हा ती विटंबना ठरली. इंदुरात यजमानाने तेच केले तेव्हा तो सण झाला.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे, आज काळ बदलला, असे कोणी म्हणेल. त्यांना १ एप्रिल २०२० ची आठवण द्यावीशी वाटते. करोनाच्या पहिल्या दिवसांत, १८९७ चाच तो कायदा देशभर लागू असताना, आपल्या टाटपट्टी बाखल भागात तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. दोन स्त्री-डॉक्टर जखमी झाल्या. तपासणीला आलेले पथक आपल्या माणसांना उचलून नेणार, अशी धास्ती तेव्हा ठिकठिकाणी पसरलेली होती. दगड मारणाऱ्यांचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु त्या दोघी डॉक्टर लगेचच पुन्हा त्याच वस्तीत कामाला गेल्या, आणि काम पुढे सरकले. बळाचा उपाय हाताशी असताना त्यांनी पुन्हा दारात उभे राहण्याचा उपाय निवडला. त्या मोहल्ल्यासाठी त्यांनी केलेले काम औषधाइतकेच मोलाचे होते, असे आम्ही समजतो.

आता पीथमपूर. तेथील भट्टीची गोष्ट कळण्यासाठी आधी भोपाळला जावे लागते. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून या धोक्याचा इशारा दिला होता. त्या रात्री वस्तीसाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. तोंडावर ओले फडके धरावे आणि वाऱ्याच्या दिशेने धावू नये, एवढी साधी गोष्ट शेजारच्या वस्त्यांना कोणी कधी सांगितली नव्हती. जे धावले त्यांच्या छातीत अधिक वायू गेला. अशा प्रसंगी विचारविनिमयाला वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तो आधी करावयाचा असतो.

कारखाना बंद पडला, पण त्याच्या आवारात विषारी कचरा उरला. त्यातील गोळा करून ठेवलेल्या सुमारे ३४७ टनांचे काय करावे, याचा खल वर्षानुवर्षे चालला. तो आहे तेथेच ठेवला तर भोपाळच्या वस्त्यांना जन्मभराचा घोर. गुजरातेत अंकलेश्वरला नेण्याचे ठरले, तेथे विरोध झाला. नागपूरच्या बाजूस नेण्याचा विचार झाला, तोही विरोधामुळे बारगळला. २०१२ साली जर्मनीला पाठवण्याची बोलणी झाली, ती फिसकटली. शेवटी पीथमपूरची भट्टी उरली. तेथे २०१५ साली १० टन कचरा चाचणी म्हणून जाळण्यात आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विलंबाबद्दल कान उपटून चार आठवड्यांची मुदत घातली, आणि १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर भोपाळहून निघाले. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले; दोघांनी अंगावर तेल ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. मग शासनाने न्यायालयाकडे वेळ मागितला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेर सारा कचरा जळून गेला. चुना वगैरे द्रव्ये मिसळावी लागल्याने मागे उरलेली राख मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरली.

भट्टीत जाळणे हा उपाय मुळात चुकीचा होता, असे ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. कदाचित उपलब्ध उपायांत तोच सर्वांत कमी वाईट असेल. चाळीस वर्षे पडून राहिलेल्या विषापेक्षा मोजमाप ठेवून जाळलेले विष बरे, यात तथ्य आहे. पण वजने पाहा. कचरा हलल्याचा लाभ भोपाळच्या वस्तीला. धूर आणि राख यांची चिंता तारपुरा आणि पीथमपूरच्या लोकांना. शेतकऱ्याला आपल्या विहिरीचा घोर, आणि पीथमपूरच्या बाजूने यशवंत सागरात उतरणाऱ्या पाण्यामुळे आपल्या शहरालाही. आणि एवढी मोठी गोष्ट येऊ घातली आहे हे पुष्कळांना कळले ते कंटेनर दारात आल्यावर. २०१५ च्या चाचणीत भट्टीच्या धुरात काय आढळले, राख कशी आणि कोठे ठेवणार, विहिरींचे पाणी कोण आणि किती वेळा तपासणार, ही माहिती चावडीवर, बाजारात, मराठी-हिंदी-निमाडी-माळवीत आधी सहा महिने सांगितली असती, तर विरोध झालाच नसता असे नाही. पण तो विरोध प्रश्न विचारणारा झाला असता, अंगावर तेल ओतून घेणारा झाला नसता. जे समजावणे जानेवारीतील बंदनंतर सुरू झाले ते नोव्हेंबरात करता येण्यासारखे होते.

तज्ज्ञांची बाजूही येथे मांडली पाहिजे. लोकांना विचारावयास गेले की जो तो म्हणतो, उपाय करा पण आमच्या गावात नको. अंकलेश्वर आणि नागपूर यांनी तेच म्हटले. सर्वांनी नकार दिला तर विष कोठेतरी राहणारच; आणि ते बहुधा ज्याचा आवाज सर्वांत क्षीण असेल त्याच्या अंगणात राहते. म्हणून लोकांना विचारणे याचा अर्थ प्रत्येकाला नकाराधिकार देणे असा आम्ही करत नाही. भार कोणीतरी उचलणारच असेल, तर त्याला तो आधी दाखवावा, त्याच्या शंकांना आकड्यांनी उत्तर द्यावे, आणि भाराच्या बदल्यात त्याच्या पदरात काही कायमचे पडावे : तपासलेले पाणी, गावातला दवाखाना, वर्षानुवर्षांची देखरेख. एवढे केल्यावरही निर्णय कठोर असू शकतो. पण मग त्यातला अपमान जातो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण वस्ती समित्यांत, मंडळांत, पालकसभांत काम करतात. पुढच्या साथीच्या वेळी कोणी एखादा उपाय घेऊन आला, मग तो धुराची फवारणी असो, वस्ती बंद करणे असो की नाला झाकणे, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. हा उपाय नेमक्या कोणत्या कारणावर चालतो? धुराच्या फवारणीने उडणारा डास मरतो, पण कूलरच्या पाण्यातली त्याची पिले तशीच राहतात. कूलर मात्र आठवड्यातून एकदा आपण स्वतः रिकामा करू शकतो. दुसरा, याचा त्रास कोणाला होणार? तिसरा, त्याला तो सांगितला आहे काय, आणि त्याच्या भाषेत? चौथा, उपाय चुकला तर तो थांबवता येईल काय, आणि थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल?

पीथमपूर आणि आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आमची एक सूचना आहे. भट्टी थंड झाली म्हणजे प्रश्न मिटला असे धरून बसू नये. राखेची साठवण आणि आसपासच्या विहिरी-कूपनलिकांचे पाणी यांच्या तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने ठरावीक मुदतीने लेखी मागवावा, आणि आकडे शाळेच्या दर्शनी फलकावर लिहावेत. आठवी-नववीची मुले ते वाचतील आणि घरी जाऊन आईवडिलांना सांगतील. या कामाला खडू आणि फळा पुरतो. परवानगीसाठी मुख्याध्यापकांकडे जावे. एक मुख्याध्यापक म्हणून आम्ही सांगू शकतो की ती नाकारण्याचे काही कारण नाही.